रक्तांतील विषाणूंचें मोजमाप

राज्याची घडी बसवावयाची तर प्रथम माप ठरवावें लागतें, ही गोष्ट आपल्या इतिहासास नवी नाहीं. शिवछत्रपतींच्या राज्यांत अण्णाजी दत्तोंनीं जमिनीची पाहणी केली ती पांच हात व पांच मुठी लांबीच्या काठीनें. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो एक बिघा व एकशें वीस बिघ्यांचा एक चावर, असा हिशेब सभासदाच्या बखरींत नमूद आहे. ही काठी ठरली नसती तर गांवोगांवच्या मोजणाऱ्यांनीं आपापल्या हातानें जमीन मोजली असती, आणि रयतेचा सारा जमिनीपेक्षां मोजणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहिला असता. पुढें इंग्रजी अमलांतहि पायली, शेर आणि मण हीं मापें प्रांतोप्रांतीं निरनिराळींच राहिलीं. देशभर एकच दशमान पद्धति आली ती १९५६ च्या कायद्यानंतर. मापाचा इतिहास हा अशा रीतीनें पुष्कळ अंशीं न्यायाचाहि इतिहास असतो.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस एका निराळ्याच क्षेत्रांत उभा राहिला. तें क्षेत्र म्हणजे मनुष्याचें रक्त, आणि मोजावयाचा पदार्थ म्हणजे एड्स या रोगास कारण होणारा एच्. आय्. व्ही. हा विषाणु. एका मिलिलिटर रक्तद्रवांत या विषाणूच्या जनुकद्रव्याच्या किती प्रती आहेत, हें सांगणाऱ्या निरनिराळ्या कसोट्या १९९५ च्या सुमारास प्रचारांत आल्या. प्रत्येकीची काठी निराळी आणि मूठहि निराळी. एकाच रोग्याचें एकाच वेळीं काढलेलें रक्त दोन प्रयोगशाळांकडे धाडलें तर दोन आंकडे यावयाचे, आणि त्या आंकड्यांवरून औषध चालू ठेवावें कीं बदलावें याचा निर्णय व्हावयाचा. या कसोट्यांची तुलना हा केवळ तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय नव्हे. ज्या समाजांत असे लाखों रोगी राहतात, त्यांतील सुशिक्षितानें तो समजून घेणें अवश्य आहे. म्हणून ऐतिहासिक क्रमानें तो येथें मांडीत आहों.

५ जून १९८१ रोजीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकांत लॉस एंजेलिस येथील पांच तरुण पुरुषांस झालेल्या एका दुर्मिळ फुप्फुसदाहाची हकीकत प्रसिद्ध झाली. १९८३ मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्यूक माँतान्ये यांच्या मंडळीनें विषाणु वेगळा केला. पुढील वर्षीं रॉबर्ट गॅलो यांनीं तोच या रोगाचें कारण असल्याचा पुरावा पुढें मांडला. आणि मार्च १९८५ त रक्त तपासण्याच्या पहिल्या कसोटीस अमेरिकेंत परवाना मिळाला. आपल्याकडे १९८६ च्या आरंभीं मद्रास येथें डॉ. सुनीति सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनीं मिळविलेले रक्ताचे नमुने वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत तपासण्यांत आले, व त्यांतील कांहींत या विषाणूच्या संसर्गाची खूण सांपडली. डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांतील. १९९३ त त्यांनीं एड्सच्या संशोधनासाठीं व रोग्यांच्या शुश्रूषेसाठीं जें केंद्र काढलें त्यास आपल्या वडिलांचें, वाय्. आर्. गायतोंडे यांचें, नांव दिलें. महाराष्ट्रांत पुण्याची राष्ट्रीय विषाणु संस्था आरंभापासून या तपासणीच्या कामीं होतीच; १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्वतंत्रपणें स्थापन झाली.

त्या काळच्या कसोटीचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. ती विषाणु शोधीत नसे. विषाणूशीं झगडण्यासाठीं शरीर जीं प्रतिपिंडें निर्माण करतें तीं शोधीत असे. घरांत चोर शिरला हें उमटलेल्या पावलांवरून ओळखावें तसा हा प्रकार होय. चोर शिरला किंवा नाहीं, एवढें पावलांवरून कळे. आंत किती चोर आहेत, त्यांची संख्या वाढते आहे कीं घटते आहे, हें कळण्यास मार्ग नव्हता. वैद्य त्यामुळें रक्तांतील सी. डी. ४ नांवाच्या रक्षक पेशी मोजीत आणि त्यांची संख्या किती उतरली यावरून रोग कोठवर आला याचा अंदाज बांधीत. म्हणजे शत्रूचें बळ आपल्या पडलेल्या शिपायांवरून ओळखावयाचें! विषाणूच्या कवचांतील पी-२४ नांवाचें प्रथिन मोजण्याची एक रीत होती खरी, परंतु ती कित्येक रोग्यांत रिकाम्या हातानें परत येई. संसर्ग झाल्यावर कित्येक वर्षें रोगी धडधाकट दिसतो, तेव्हां त्या काळांत विषाणु बहुतेक निद्रिस्तच असावा, अशी समजूत म्हणून रूढ झाली होती.

ती समजूत १९९५ च्या जानेवारींत मोडली. डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या दोन स्वतंत्र मंडळ्यांनीं नवीं औषधें देऊन रोग्यांच्या रक्तांतील विषाणूंची संख्या दिवसागणिक मोजली, आणि ती झपाट्यानें उतरतांना त्यांस आढळली. औषधानें नवीन उत्पत्ति थांबतांच जुना साठा इतक्या लवकर संपतो, त्या अर्थीं एरवीं तितक्याच वेगानें नवे विषाणु जन्मत असले पाहिजेत, हें उघड झालें. पुढील वर्षींच्या गणितानें हा वेग रोज सुमारें १० अब्ज विषाणूंचा ठरला. जी वर्षें शांततेचीं वाटत होतीं तीं अहोरात्र चाललेल्या युद्धाचीं होतीं! त्याच १९९६ सालीं जॉन मेलर्स यांनीं दहाहून अधिक वर्षें पाहणींत असलेल्या १८० पुरुषांच्या रक्तावरून दाखविलें कीं, आरंभीं ज्याच्या रक्तांत विषाणु अधिक, तो रोगी लवकर आजारी पडतो व लवकर मरतो. रक्षक पेशींच्या संख्येपेक्षांहि हें भाकीत अधिक खरें ठरतें. जॉन कॉफिन यांनीं याचें एक मार्मिक रूपक केलें आहे. रोगी कड्याकडे धांवणाऱ्या आगगाडींत बसला आहे असें समजा. कडा किती दूर आहे हें रक्षक पेशींच्या संख्येवरून कळतें, आणि गाडीचा वेग किती आहे हें विषाणूंच्या संख्येवरून.

आतां हा वेग मोजण्याची रीत. या विषाणूचें जनुकद्रव्य आर्. एन्. ए. या जातीचें असतें व प्रत्येक विषाणूंत त्याच्या दोन प्रती असतात. मिलिलिटरभर द्रवांतील कांहीं शें प्रती कोणत्याहि यंत्रास थेट दिसणें शक्य नाहीं. तेव्हां एक तर त्या प्रतींचीच वृद्धि करून त्या दिसतील इतक्या वाढवाव्या, नाहीं तर त्या आहेत तेवढ्याच ठेवून त्यांचा उजेड वाढवावा, असे दोनच उपाय उरतात. तिन्ही प्रसिद्ध कसोट्यांचा उगम या दोन उपायांत आहे.

पहिली पी. सी. आर्. या नांवानें आज घरोघर ठाऊक झालेली आहे. कॅरी मलिस यांस १९८३ त सुचलेल्या या युक्तीस १९९३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आर्. एन्. ए. पासून प्रथम डी. एन्. ए. ची नक्कल करावयाची. नंतर ती तापवून तिचे दोन धागे अलग करावयाचे, थंड करून प्रत्येक धाग्यास जोडीदार धागा निर्माण करवावयाचा, आणि पुन्हां तापवावयाचें. दर फेरींत संख्या दुप्पट. उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या उष्णतेंत टिकणारें जें विकर येथें लागतें, तें अमेरिकेंतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत सांपडलेल्या जंतूपासून मिळालें. बुद्धिबळाच्या पटावर एका घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार अशी तांदळाची मागणी करणाऱ्या पंडिताची गोष्ट आपण लहानपणीं ऐकलेली असते. त्याच हिशेबानें वीस दुपटींत एकाचे दहा लाखांवर आणि तीस दुपटींत शंभर कोटींवर होतात. परंतु या गुणाकारांतच त्याचा दोष आहे. दर फेरीस बरोबर दोन पट न होतां १.९ पट वाढ झाली तर तीस फेऱ्यांअखेर उत्पन्न अपेक्षेच्या पांचव्या हिश्श्यावर येतें. लहानशी चूकहि चक्रवाढीनें वाढते. यास्तव नमुन्यांत आरंभींच ज्ञात संख्येच्या कृत्रिम प्रती मिसळतात. त्या किती वाढल्या हें पाहून मूळ विषाणु किती होते हें ताडतात. रोश कंपनीची अँप्लिकॉर मॉनिटर नांवाची कसोटी या तत्त्वावर उभारलेली होती आणि १९९६ त तिला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली.

दुसरी नॅस्बा. हिचा मार्गहि प्रतींच्या वृद्धीचाच. मात्र येथें वारंवार तापविणें व निवविणें नाहीं. तीन विकरें एकाच भांड्यांत, ४१ अंश उष्णतेवर, एकमेकांच्या हातीं काम देत आर्. एन्. ए. च्या नकला काढीत राहतात. छापखान्यांत एकदां खिळे जुळविले कीं त्याच ठशावरून प्रतीमागून प्रत निघते, तसें कांहींसें हें आहे. हॉलंडच्या ऑर्गेनॉन टेक्निका या कंपनीनें ती बाजारांत आणली.

तिसरी रीत मुळांतच भिन्न आहे. कॅलिफोर्नियांतील कायरॉन कंपनीच्या या कसोटीस शाखायुक्त डी. एन्. ए. ची कसोटी म्हणतात. हींत विषाणूच्या प्रती वाढवीत नाहींत. प्रत्येक प्रत पात्राच्या तळाशीं पकडून ठेवतात, तिच्यावर फांद्या असलेले कृत्रिम रेणु चढवितात आणि त्या फांद्यांवर प्रकाश देणारे कण बसवितात. देवळापुढील दीपमाळेवर शेंकडों पणत्या एकदम लागल्या कीं दुरूनहि देऊळ दिसतें. देऊळ एकच असतें, वाढलेला असतो तो उजेड. वृद्धीच्या चक्रवाढ चुकीस येथें जागा नाहीं, त्यामुळें एकच नमुना पुन्हां मोजला असतां आंकडा पुष्कळसा तोच येतो. उलट पक्षीं उजेड अगदीं मंद असेल तेव्हां तो विषाणूचा कीं पात्राच्या तळाचा हें ओळखणें कठीण पडतें. क्वचित् निरोगी माणसाच्या रक्तांतहि ही कसोटी थोडा विषाणु दाखवी.

या तिघींची तुलना करतांना पहिला प्रश्न असा कीं, कोणाची नजर किती खोल जाते? कायरॉनच्या पहिल्या आवृत्तीस मिलिलिटरमागें १०,००० प्रतींच्या खालीं दिसत नसे. दुसरीस ५०० पर्यंत, आणि बायर कंपनीकडे गेल्यानंतरच्या तिसरीस ७५ पर्यंत दिसूं लागलें. अँप्लिकॉरची साधी रीत ४०० पर्यंत व सूक्ष्म रीत ५० पर्यंत पोंचे. नॅस्बाच्या एका आवृत्तीची सीमा १७६ होती. वृद्धि चालू असतांनाच प्रकाश मोजणाऱ्या पी. सी. आर्. च्या नव्या कसोट्यांस अमेरिकेंत २००७ त मान्यता मिळाली. अॅबटच्या कसोटीनें ४० पासून एक कोटीपर्यंतचा पल्ला एकाच मोजणींत गांठला आणि रोशच्या टॅक्मनची दुसरी आवृत्ति २० पर्यंत उतरली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘विषाणु आढळला नाहीं’ या वाक्याचा अर्थ कसोटीगणिक बदलतो. प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें तीन लिटर रक्तद्रव असतो. तेव्हां मिलिलिटरमागें ४० हून कमी म्हणजे सबंध द्रवांत सव्वा लाखाच्या आंतबाहेर प्रती असूनहि अहवाल कोरा येऊं शकतो, आणि सीमा ४०० असेल तर बारा लाख. शिवाय कांहीं पेशींच्या गाभ्यांत विषाणु खरोखरच निजून राहतो. तो रक्तद्रव मोजणाऱ्या कोणत्याहि काठीच्या टप्प्यांत येत नाहीं. न आढळणें म्हणजे नसणें नव्हे. औषध सोडतांच विषाणु परततो याचें कारण हेंच.

दुसरा प्रश्न आंकड्यांच्या मेळाचा. नव्वदीच्या दशकाअखेरच्या अमेरिकन मार्गदर्शक नियमांत औषध सुरू करण्याचा विचार कधीं करावा याच्या दोन मर्यादा दिलेल्या होत्या. शाखायुक्त कसोटीनें १०,००० प्रती, किंवा पी. सी. आर्. नें २०,००० प्रती. एकाच वस्तूस एका दुकानांत दहा शेर आणि शेजारच्या दुकानांत वीस शेर वजन भरावें, आणि सरकारनें दोन्ही वजनें खरीं मानून तशी सूचना लावावी, असा हा प्रकार! पुढें कायरॉनच्या कसोटीची तिसरी आवृत्ति दुसरीच्या जवळ आली तेव्हां हें अंतर बरेंच मिटलें. यावर खरा उपाय म्हणजे सर्वांनीं मानावी अशी एक काठी. १९९९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या विषाणूच्या आर्. एन्. ए. चें पहिलें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरविलें व त्यावर आंतरराष्ट्रीय एकक बसविलें. आतां प्रत्येक कसोटी आपल्या ‘प्रती’ किती एककांबरोबर हें सांगूं शकते. तथापि वैद्यकाच्या व्यवहारांत ‘प्रती’ च रूढ राहिल्या. सरकारी काठी आली तरी बाजारांत जुनी पायली चालूच राहावी, तसें झालें.

तिसरा प्रश्न आम्हां भारतीयांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. या विषाणूचे अनेक उपप्रकार आहेत. अमेरिकेंत व पश्चिम युरोपांत ‘बी’ प्रमुख; भारतांत शेंकडा नव्वदांहून अधिक रोग्यांत ‘सी’; दक्षिण आफ्रिकेंतहि ‘सी’ च; आणि जगांतील एकंदर रोग्यांपैकीं सुमारें निम्मे याच ‘सी’ चे. परंतु कसोट्या जन्मल्या त्या ‘बी’ च्या देशांत. पी. सी. आर्. ला विषाणूच्या जनुकांतील ठराविक अक्षरें ओळखावीं लागतात. तीं अक्षरें उपप्रकारागणिक बदललीं कीं कसोटी अडखळते आणि असलेल्या विषाणूंस कमी मोजते. अँप्लिकॉरच्या पहिल्या आवृत्तीनें ‘ए’, ‘जी’ व थायलंडकडे आढळणाऱ्या, त्या वेळीं ‘ई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारांत कित्येकदां दहापट, किंवा त्याहूनहि अधिक, कमी आंकडा दिला. आरंभक अक्षरें बदलून दीड क्रमांकाची आवृत्ति काढल्यावर हा दोष बराच हटला. ‘सी’ वर त्या पहिल्या आवृत्तीचा रोष त्या मानानें कमी होता. हें आपलें सुदैव म्हणावें; त्यांत कोणाची दूरदृष्टि नव्हती. शाखायुक्त कसोटी एकाच जागेवर विसंबत नसे, जनुकाच्या एका दीर्घ भागावर अनेक ठिकाणीं पकड घेई. म्हणून दोनचार अक्षरांच्या फरकानें तिचें फारसें बिघडत नसे. टॅक्मनच्या पहिल्या आवृत्तींतहि कांहीं नमुने कमी मोजले गेल्याचें आढळलें, म्हणून दुसरींत जनुकाच्या एका भागाऐवजीं दोन भाग तपासण्याची योजना केली गेली. अॅबटनें विषाणूचा कमी बदलणारा भाग निवडला. या दुरुस्त्या घडल्या त्या आफ्रिकेच्या आणि आशियाच्या रोग्यांचें रक्त या काठ्यांनीं मोजूं लागल्यावर. ज्यांचें रक्त आरंभीं कोणी विचारांत घेतलें नाहीं, त्यांच्यामुळेंच माप शुद्ध झालें.

अक्षरांचा हा घोटाळाच टाळावा, अशा हेतूनें स्वीडनमध्यें उप्साला येथील कॅव्हिडी कंपनीनें निराळाच मार्ग धरला. हा विषाणु आपल्या आर्. एन्. ए. ची डी. एन्. ए. मध्यें उलटी नक्कल ज्या विकरानें करतो, तें टेमिन व बाल्टिमोर यांनीं १९७० त शोधून काढलें होतें. कॅव्हिडीनें प्रती न मोजतां त्या विकराचें काम मोजलें. उपप्रकार कोणताहि असो, काम तेंच. साधीं व स्वस्त यंत्रें यास पुरतात, पण वेळ दोनतीन दिवस लागे आणि नजर तितकी खोल जात नसे. दुसऱ्या टोंकास एका बंद पेटिकेंत सर्व क्रिया आपोआप करून सुमारें दीड तासांत उत्तर देणारें जीनएक्स्पर्ट यंत्र आहे. तालुक्याच्या गांवीं हें सोयीचें, मोठ्या शहरांतील हजारों नमुन्यांस मोठीं यंत्रेंच बरीं.

आतां या इतिहासाची आपल्या भूमीवरील बाजू पाहूं. २००१ सालीं मुंबईच्या सिपला कंपनीनें तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरांत करण्याची तयारी जाहीर केली. पाश्चात्य कंपन्यांची किंमत त्या वेळीं १०,००० डॉलर व त्याहून अधिक होती. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें औषधोपचार मोफत देण्यास आरंभ केला, व ज्या आठ रुग्णालयांत तो झाला त्यांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय होतें. मात्र औषध मिळालें तरी माप मिळालें नाहीं. विषाणूंची मोजणी खासगी प्रयोगशाळेंत कांहीं हजार रुपयांस होई. सरकारी रोग्यास रक्षक पेशींच्या संख्येवर आणि वैद्याच्या डोळ्यांवर समाधान मानावें लागे. परिणाम असा कीं, औषधास न जुमानणारा विषाणु रक्तांत वाढूं लागल्यावर पुष्कळ महिन्यांनीं पेशी उतरत आणि तेव्हां चूक ध्यानांत येई. तोंवर विषाणूनें आणखीहि औषधांशीं झुंजण्याची विद्या हस्तगत केलेली असे. जानेवारी २००८ त जे. जे. आणि मद्रासचें तांबरम् येथें दुसऱ्या पंक्तीचीं औषधें सुरू झालीं, तेव्हां ज्यांच्यावरील उपचार निष्फळ झाल्याचा संशय येई त्यांची मोजणी सरकारी खर्चानें होऊं लागली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ त मोजणी हीच उपचाराची खरी कसोटी म्हणून पुरस्कारिली. आणि सर्व रोग्यांस नियमानें विनामूल्य मोजणीची योजना आपल्याकडे जाहीर झाली ती २६ फेब्रुवारी २०१८ रोजीं. अमेरिकेंत १९९६ त जें माप मान्य झालें, तें आपल्या सामान्य रोग्याच्या हातीं पडण्यास बावीस वर्षें लागलीं.

आमच्या कोपरखैरण्यास हें सर्व अगदीं जवळचें आहे. १९७० त सिडकोची स्थापना झाल्यावर खाडीकांठच्या आगरी-कोळ्यांच्या गांवांभोवतीं हें नगर वसलें. पूर्वेस ठाणें-बेलापूर रस्त्याचे कारखाने, दक्षिणेस तुर्भ्याचा घाऊक बाजार व त्यांत देशाच्या कोनाकोपऱ्यांतून येणाऱ्या मालमोटारी. दूरच्या पल्ल्याचे चालक व घर सोडून आलेले मजूर यांची राष्ट्रीय कार्यक्रमानें विशेष दखल घेतली, ती ते दुराचारी म्हणून नव्हे. घरापासून दूर राहण्याचा जो धंदा त्यांच्या नशिबीं आला त्यामुळें. २००४ च्या नोव्हेंबरांत येथून ठाण्याची आगगाडी सुरू झाली. त्याच वर्षीं येथील एखाद्या मजुरास मोफत औषध हवें असतें तर वाशीवरून हार्बर मार्गानें मुंबई गांठून जे. जे. च्या रांगेंत उभें राहावें लागलें असतें, आणि एका दिवसाची मजुरी बुडाली असती. आज येथील कोणत्याहि पेठेंत तळमजल्यावर रक्त काढण्याची खोली आढळते. पण काढलेलें रक्त हेंहि मापाचें एक अंग आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हेपॅरिन घातलेल्या नळींत रक्त घेतलें तर पी. सी. आर्. ची क्रियाच अडते; म्हणून ई. डी. टी. ए. ची नळी लागते. द्रव वेळेवर वेगळा न केल्यास आर्. एन्. ए. नाश पावूं लागतें; कांहीं कसोट्यांनीं यासाठीं सहाच तासांची मुदत घातली होती. भर मे महिन्यांत मोटारसायकलवरील पेटींतला बर्फ वितळला, तर जगांतील उत्तमोत्तम यंत्रहि काय करील?

यास्तव अहवाल वाचणाऱ्यानें दोनतीन नियम पाळणें अवश्य आहे. एका रोग्याची मोजणी शक्यतों एकाच कसोटीनें, एकाच प्रयोगशाळेंत व्हावी. आंकडा ५,००० चा ८,००० झाला म्हणून घाबरूं नये, आणि ८,००० चा ५,००० झाला म्हणून हुरळूंहि नये. शरीराची रोजची चढउतार आणि कसोटीची स्वाभाविक चूक मिळून एवढा फरक सहज पडतो. सुमारें तिपटीहून अधिक बदल झाला तरच तो खरा मानण्याची वहिवाट आहे, आणि म्हणूनच तज्ज्ञ हा हिशेब साध्या संख्येंत न ठेवतां लॉगॅरिदममध्यें ठेवतात. ज्वर आला असतां किंवा लस टोंचल्यानंतर आंकडा कांहीं काळ चढतो. त्या दिवसांत मोजणी टाळावी. प्रत्येक अहवालावर कसोटीचें नांव आणि तिची खालची सीमा स्वच्छ अक्षरांत छापलेली असावी, ही मागणी रोग्यानें व त्याच्या वैद्यानें आग्रहानें करावी. मापाचें नांव नसलेला आंकडा म्हणजे काठी किती हाताची हें न सांगतां लिहिलेला सातबारा होय.

या आंकड्यास आतां एक नवाच अर्थ आलेला आहे. युगांडांतील राकाई जिल्ह्यांत पतिपत्नींपैकीं एकासच संसर्ग असलेल्या ४१५ जोडप्यांची पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तांत मिलिलिटरमागें १,५०० हून कमी प्रती होत्या, त्यांच्याकडून जोडीदारास संसर्ग झाल्याचें एकहि उदाहरण तींत नव्हतें. मग नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर एक मोठा प्रयोग झाला. पुण्याची एड्स संशोधन संस्था व मद्रासचें गायतोंडे केंद्र हीं दोन्ही त्यांत सामील होतीं. लवकर औषध सुरू केल्यानें जोडीदारास होणारा संसर्ग शेंकडा ९६ नीं घटतो, हा त्याचा निष्कर्ष २०११ त जाहीर झाला. २०२३ त जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्टच सांगितलें कीं, औषधें नेमानें घेणाऱ्या ज्या माणसाच्या रक्तांत विषाणु आढळत नाहीं, त्याच्यापासून शरीरसंबंधानें जोडीदारास संसर्ग होत नाहीं. आणि १,००० प्रतींपर्यंत तो धोका जवळजवळ शून्य आहे. म्हणजे जो आंकडा पूर्वीं मरणाची वेळ सांगे, तोच आज संसाराचें अभयपत्र देतो. विवाह करूं इच्छिणाऱ्या तरुणास व मूल हवें असलेल्या स्त्रीस या आंकड्याचें मोल औषधाहून कमी नाहीं.

असो. या रोगाच्या इतिहासांत औषध शोधणाऱ्यांचा गौरव पुष्कळ झाला आहे व तो योग्यच आहे. पण औषध आपलें काम करतें आहे कीं नाहीं हें ज्यांनीं दाखविलें, त्या मापांचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. २०१७ चा एच्. आय्. व्ही. व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. रोग्याची माहिती गुप्त ठेवणें आणि त्यास नोकरींत, शाळेंत व रुग्णालयांत समान वागविणें हें त्यानें बंधनकारक केलें आहे. कायदा, औषध आणि माप हीं तिन्ही आतां आपल्या हातीं आहेत. ज्या समाजांत एखाद्या घराची भांडींकुंडीं अजूनहि या रोगाच्या नांवानें वेगळीं ठेवलीं जातात, त्या समाजानें प्रयोगशाळेंतील हा लहानसा आंकडा वाचावयास शिकणें, हेंच आतां बाकी राहिलेलें काम आहे.